पितळी पातेले, उंदीर आणि समुद्रकाठची मेंढी

महाराष्ट्र सोडून इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा किंवा हैदराबाद येथे स्थायिक होऊन ज्यांच्या कित्येक पिढ्या लोटल्या, अशा आपल्या घरांतून माळ्यावर एखादे तरी पितळी पातेले उपडे घातलेले असतेच. काठावर पणजीचे नाव घातलेले असते, बूड काळवंडलेले असते आणि आतली कल्हई केव्हाच उडून गेलेली असते. स्टेनलेस स्टील स्वयंपाकघरात आले आणि ही मंडळी वर गेली. अलीकडे त्यांना पुन्हा खाली उतरविण्याची हौस बळावली आहे. पितळेतले अन्न प्रकृतीस हितकर असते, असे छातीठोकपणे सांगणारेही जागोजागी भेटतात. वरणाच्या पातेल्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. आत कल्हई असली म्हणजे झाले. परंतु तान्ह्या बाळाचे दूध बिनकल्हईच्या पितळेत तापवू नये आणि साठवू तर मुळीच नये. या एका साध्या सूचनेमागे हजारो बालकांचे मृत्यू आहेत, पुण्याच्या डॉक्टरांनी घरोघरच्या आयांना विचारलेले प्रश्न आहेत आणि उंदीर, कुत्रे, मेंढ्या अशा मुक्या साक्षीदारांची एक लांबलचक रांग आहे. या महिन्यात त्या साक्षीदारांविषयीच लिहावयाचे आम्ही योजिले आहे. यकृतावर वण पडतात ते कसे, हे जाणण्यासाठी शास्त्रज्ञांनी माणसाच्या जागी कोणकोणते प्राणी उभे केले, त्यांनी खरे काय सांगितले आणि कोठे चकविले, हा आमचा विषय.

आपण ज्याला 'काळीज' म्हणतो ते मूळचे यकृतच. पुढे केव्हा तरी भावनाप्रधान मंडळींनी ते उचलून हृदयाच्या जागी नेऊन बसविले. असो. या अवयवाची थोरवी अशी की, त्याचा मोठा भाग कापून काढला तरी उरलेला भाग वाढून ती तूट भरून काढतो. पण एकच मार पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षे बसत राहिला, मग तो मद्याचा असो, काविळीच्या विषाणूचा असो, साचलेल्या चरबीचा असो की एखाद्या धातूचा, तर भरून काढण्याचे हे काम बिघडते. बोट कापले की जखमेच्या जागी वण उरतो, त्याच द्रव्याचे, म्हणजे कोलॅजेनचे, चिवट धागे यकृतात विणले जाऊ लागतात. आरंभी ते विरळ असतात. पुढे त्यांच्या भिंती होतात, भिंतींच्या मध्ये यकृताच्या उरल्यासुरल्या पेशींच्या गाठी अडकून पडतात आणि मऊ, गुळगुळीत अवयव टणक व खडबडीत होतो. रक्ताला त्यातून वाट मिळत नाही. मग पोटात पाणी साठते, अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते. धागे विणण्याच्या या क्रियेला मराठीत 'सूत्रण' म्हणतात; तिची शेवटची पायरी म्हणजे सिरोसिस.

हे धागे विणतो कोण, या प्रश्नाचे उत्तर मिळावयास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. १८७६ साली कार्ल फॉन कुप्फर हा जर्मन शरीरशास्त्रज्ञ यकृतातील मज्जातंतू शोधत होता. त्यासाठी त्याने सुवर्णाच्या क्षाराने यकृताचे पातळ काप रंगविले, तेव्हा मज्जातंतूंऐवजी चांदणीच्या आकाराच्या पेशी त्याच्या नजरेस पडल्या. त्यांना त्याने तारापेशी म्हटले. पण पुढे त्याने स्वतःच त्यांची गल्लत यकृतातल्या दुसऱ्याच पेशींशी केली आणि तारापेशी विस्मृतीत गेल्या. १९५० नंतर जपानमध्ये इतो यांना चरबीचे थेंब बाळगणाऱ्या पेशी आढळल्या, आणि १९७१ मध्ये केन्जिरो वाके यांनी सिद्ध केले की, इतोंच्या या पेशी आणि कुप्फरच्या तारापेशी एकच. शरीरातील अ जीवनसत्त्वाचा बहुतांश साठा या पेशी सांभाळतात. एरवी त्या घरातल्या अबोल वडीलधाऱ्यांसारख्या कोपऱ्यात बसून असतात. यकृताला मार बसला की हा साठा टाकून त्या उठतात, त्यांची संख्या वाढते, त्या आकुंचन पावू लागतात आणि कोलॅजेन विणत सुटतात. १९८५ साली अमेरिकेत स्कॉट फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या यकृतातून या पेशी वेगळ्या काढून कोलॅजेन त्याच मुख्यतः निर्माण करतात, हे दाखवून दिले.

उंदराच्या यकृतातून, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. माणसाच्या यकृतातून का नाही? कारण माणसात हा विकार वीस-वीस, तीस-तीस वर्षे मुकाट्याने वाढतो. सुई घालून काढलेला तुकडा त्या दीर्घ कथेचे एकच पान दाखवितो, आणि रोग्याच्या यकृतात दर महिन्याला सुई घालून पाहणे कोणाला शोभणार? तेव्हा महिन्या-दोन महिन्यांत तीच कथा घडवून दाखविणारा एखादा जीव हवा. असा जीव म्हणजे त्या रोगाचे प्रतिरूप.

सर्वांत जुने व आजही सर्वाधिक वापरात असलेले प्रतिरूप म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड दिलेला उंदीर. हा द्रव एके काळी कपड्यांच्या कोरड्या धुलाईसाठी आणि आग विझविण्याच्या नळकांड्यांत सर्रास वापरीत. यकृतातले एक विकर त्याचे रूपांतर एका अत्यंत दाहक कणात करते आणि पेशी मरतात. आठवड्यातून दोनदा हे विष दिले की काही आठवड्यांत उंदराच्या यकृतात धागे दिसू लागतात, तीन महिन्यांच्या सुमारास सिरोसिस. दुसरी रीत म्हणजे पित्तनलिका बांधून टाकणे. त्यानेही दोन-चार आठवड्यांत वण पडतात. या रीतींची आणखीही भावंडे आहेत. त्या सर्वांची नामावळी येथे देण्यात अर्थ नाही.

या उंदराने मानवजातीवर एक मोठा उपकार केला आहे, तो मात्र सांगितलाच पाहिजे. १९३६ साली लंडनमध्ये कॅमेरन आणि करुणारत्ने यांनी याच विषाने उंदरांत सूत्रण घडविले. (यांतले करुणारत्ने श्रीलंकेचे; पुढे कोलंबोला ते विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.) फार पुढे गेलेले नसेल तर विष थांबविल्यावर हे सूत्रण मागे फिरते, असे त्यांना दिसले. वैद्यकाने या गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले नाही. एकदा पडलेला वण कायमचा, ही समजूत इतकी घट्ट होती की ती पाठ्यपुस्तकांतून हलेना. १९९८ साली इंग्लंडमध्ये जॉन आयरडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार आठवडे विष दिलेल्या उंदरांचे यकृत विष थांबविल्यानंतर दिवसादिवसाने तपासले. चवताळलेल्या तारापेशी आपण होऊन मरत होत्या, धागे विरघळविणाऱ्या विकरांवरचा लगाम सैल होत होता आणि चार आठवड्यांत यकृत जवळजवळ पूर्ववत् झाले. त्याच गटाने २००४ मध्ये दुसरी बाजूही दाखविली: बारा आठवडे विष देऊन सिरोसिसपर्यंत नेलेल्या उंदरांत, वर्षभराची विश्रांती देऊनही, जाड व जुने पट्टे तसेच राहिले, कोवळे धागे तेवढे गेले.

हे माणसाला लागू पडते काय? बऱ्याच अंशी पडते. 'ब' प्रकारच्या काविळीच्या विषाणूवर पाच वर्षे अखंड औषध घेतलेल्या रोग्यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. आरंभी ज्या ९६ जणांना सिरोसिस होता, त्यांपैकी ७१ जणांच्या यकृतात पाच वर्षांनी तो उरला नव्हता. 'यकृत आक्रसले, आता उपाय नाही,' असे ऐकून ज्यांच्या घरी वडील माणूस अंथरुणाला खिळले असेल, त्यांना या आकड्याचे मोल सांगावयास नको. मार थांबविणे हाच पहिला उपचार, ही उंदराची साक्ष खरी ठरली.

परंतु हाच साक्षीदार दुसऱ्या एका खटल्यात पार फसवा निघाला. मद्याने यकृत खराब होते, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पण विसाव्या शतकाच्या मध्यावर जाणते शास्त्रज्ञ नेमके उलट मानीत होते. त्यांचे म्हणणे असे की, दारुड्या माणसाला जेवणाची शुद्ध नसते, त्याचे पोषण होत नाही, म्हणून त्याचे यकृत बिघडते. मद्य स्वतः निरपराध आहे. या मताला मोठा आधार दिला तो बॅंटिंगबरोबर इन्सुलिन शोधून काढणाऱ्या चार्ल्स बेस्ट यांनी. १९४९ साली त्यांनी उंदरांना मद्य दिले आणि दुसऱ्या उंदरांना तितकीच ऊर्जा देणारी साखर दिली. दोन्हींकडे यकृताची हानी सारखीच झाली, आणि आहारात कोलीन नावाचे पोषणद्रव्य पुरेसे घातल्यावर दोन्हींकडे ती टळली. तेव्हा मद्याला साखरेहून अधिक विषारी समजण्याचे कारण नाही, असा निष्कर्ष निघाला. बेस्ट यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. उंदीर जे बोलला ते त्यांनी लिहिले.

अडचण उंदराचीच होती. त्याला दारूचा मनापासून तिटकारा! पाण्यात मिसळून दिली तर तो पाणीच कमी पितो. जी पोटात जाते तिचा फडशा त्याचे शरीर माणसाच्या शरीरापेक्षा वेगाने पाडते. माणूस जितकी रिचवितो तितकी त्याच्या रक्तात कधी चढतच नाही. न्यूयॉर्कच्या चार्ल्स लीबर यांनी या अडचणीवर तोड काढली. अन्न आणि मद्य यांचे मिळून एकच पातळ पेय करून तेवढेच उंदरापुढे ठेवले. भूक लागली की घेतल्यावाचून गत्यंतर नाही. आता उत्तम पोषण असूनही उंदरांच्या यकृतात चरबी साठली. स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांतही त्यांनी हेच पाहिले. तथापि उंदरांची मजल चरबीपुढे गेली नाही. सिरोसिस काही होईना. अखेर लीबर बबून वानरांकडे वळले. पूर्ण पोषक आहार आणि त्यातली निम्मी ऊर्जा मद्यातून, असा क्रम काही वर्षे चालविल्यावर, १९७५ साली त्यांनी जाहीर केले की आधी चरबी, मग दाह आणि मग सिरोसिस, या तिन्ही पायऱ्या वानरांत क्रमाने दिसल्या. सर्वच वानरांना सिरोसिस झाला नाही. माणसांतही सर्वच मद्यप्यांना तो होत नाही. पण 'खाऊनपिऊन घेतली म्हणजे बाधत नाही,' या लाडक्या समजुतीचा आधार निखळला. ही समजूत आमच्या मध्यमवर्गीय बैठकींतून अद्याप ऐकू येते म्हणून हे विस्ताराने लिहिले.

आजचा मोठा प्रश्न मद्याचा नसून चरबीचा आहे. स्थूलता आणि मधुमेह यांच्या पाठोपाठ यकृतात चरबी साठते आणि काहींत तिच्यावर वण चढतात. याचे प्रतिरूप म्हणून उंदराचा धाकटा भाऊ, म्हणजे चिमुकला पांढरा मूषक, पुढे करण्यात आला. त्याला मेथिओनीन व कोलीन वगळलेला आहार दिला की आठवड्यांत यकृत चरबीने भरते आणि धागेही पडतात. पण गंमत पाहा: या आहाराने मूषक वाळतो! स्थूल, मधुमेही माणसाच्या रोगाचा प्रतिनिधी म्हणून हाडांचा सापळा झालेला प्राणी वर्षानुवर्षे प्रयोगशाळांत उभा होता. नंतर तुपासाखरेने पोसलेले मूषक आले. ते अधिक विश्वासू आहेत, पण त्यांच्यात वण सावकाश आणि थोडेच पडतात. प्राण्यांत वण कमी करून दाखविणारी औषधे माणसापुढे आल्यावर एकामागून एक पडली. सेलोन्सर्टिब नावाच्या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्या २०१९ मध्ये निष्फळ ठरल्या. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत रेसमेटिरोम या औषधाला, अशा चरबीजन्य वणांसाठीचे पहिले औषध म्हणून, मान्यता मिळाली. वर्षभरानंतर ते घेणाऱ्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याचे सूत्रण एका पायरीने उतरले. नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांतही १४ टक्क्यांचे उतरले. हा दुसरा आकडा आम्हांस अधिक बोलका वाटतो.

इतके जीव खर्ची घालणे योग्य आहे काय, असे पुष्कळांच्या मनात आले असेल. आमच्याही येते. रसेल आणि बर्च या दोघा इंग्रजांनी १९५९ मध्येच सांगून ठेवले होते की, प्राण्यांऐवजी दुसरे साधन शक्य असेल तर ते घ्या, प्राणी लागलेच तर कमीत कमी घ्या, आणि त्यांच्या वेदना कमी करा. आपल्याकडे १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाने अशा प्रयोगांवर देखरेख करणारी समिती नेमण्याची तरतूद केली आणि १९९८ च्या नियमांनी ती देखरेख कडक केली. २०२३ मध्ये औषध-चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती होऊन मानवी पेशींवर केलेल्या परीक्षांनाही प्राण्यांच्या जागी स्थान मिळाले. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु आमच्या मते प्राण्याविषयी दयेइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे तो योग्य प्राण्याच्या निवडीचा. चुकीच्या प्राण्याला दिलेली वेदना दुहेरी व्यर्थ जाते. तो मरतो, आणि माणसाला खोटे उत्तर मिळते. हे आपल्याच स्वयंपाकघराच्या बाबतीत कसे घडू शकले असते, ते आता पाहू.

'मुलाला लिव्हर झाले,' हे वाक्य आपल्या आज्यांच्या तोंडी असे, आणि ते उच्चारताना त्यांचा आवाज खाली जाई. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतचे मूल. आरंभी किरकिर, बारीक ताप, पोट पुढे येणे. पोटाला हात लावला तर यकृत लाकडासारखे कठीण लागे. पुढे कावीळ, पोटात पाणी, आणि बहुधा वर्षाच्या आत अंत. एकाच आईची दोन-दोन, तीन-तीन मुले यात गेल्याची उदाहरणे आहेत. कलकत्त्याच्या सेन यांनी १८८७ मध्ये या विकाराचे वर्णन केले. पुढे त्याला 'भारतीय बालसिरोसिस' हेच नाव पडले. खेड्यापाड्यांतील आणि मध्यमवर्गीय घरांतील मुले याला अधिक बळी पडत. कोणी आनुवंशिकता म्हणे, कोणी विषाणू, कोणी बुरशी धरलेले धान्य, आणि सोवळ्याओवळ्याच्या घरांतून दोष सुनेच्या पायगुणाला दिला जाई तो वेगळाच.

१९७८ साली लंडनमध्ये अशा मुलांच्या यकृताचे काप ऑर्सीन या रंगाने रंगविले असता त्यात गडद कण दिसले. तांबे धरून ठेवणाऱ्या प्रथिनाची ती खूण होती. मोजणी केली तेव्हा तांबे निरोगी यकृताच्या कित्येक पटींनी अधिक भरले. एवढे तांबे आले कोठून? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि त्यांच्याबरोबर काम करणारे इंग्रज बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांनी या प्रश्नाचे उत्तर प्राण्यांत शोधले नाही. त्यांनी आयांना विचारले. बाळाला वरचे दूध कधी सुरू केले? ते कशात तापविले? किती वेळ त्यात राहिले? आजारी मुलांची उत्तरे आणि तशाच निरोगी मुलांची उत्तरे शेजारी ठेवली. १९८३ मध्ये आणि पुन्हा १९८७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतून एकच चित्र उमटले: आजारी मुलांना गाईम्हशीचे दूध फार लवकर सुरू झालेले होते, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापविलेले व ठेवलेले होते. पाण्यापेक्षा दुधाचा धोका अधिक, कारण दुधातले केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. अंगावर पिणारी मुले सुरक्षित राहिली. आईच्या दुधात तांबे फार अल्प असते. ज्यांची आई आजारी पडली, ज्यांना धाकटे भावंड लवकर झाले, त्यांच्या वाट्याला पातेले आले. कल्हईवाल्याची हाक गल्लीतून ऐकू येणे बंद झाले, पण पितळ मात्र वापरात राहिले, असा एक काळ पुष्कळ घरांतून होऊन गेला. त्या काळात काय घडले असेल याची कल्पना करावी.

आता हा पुरावा उंदरापुढे ठेवला असता तर काय झाले असते? लिव्हरपूलच्या पशुवैद्यक संशोधक सुसान हेवूड यांनी उंदरांना भरपूर तांबे चारून पाहिले होते. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणे प्रथम यकृतात तांबे साचते, पेशी मरतात, आणि मग, तांबे चारणे तसेच चालू असताना, उंदराचे यकृत सावरते! साठा उतरतो, नव्या पेशी उगवतात आणि प्राणी त्या आहाराला सरावतो. केवळ उंदरावर विसंबून निवाडा केला असता तर पितळी पातेले निर्दोष सुटले असते, जसे बेस्ट यांच्या हाती मद्य सुटले होते.

दुसरा साक्षीदार होता बेडलिंग्टन टेरियर जातीचा कुत्रा. दिसावयास कोकरासारखा, पण या जातीतल्या पुष्कळ कुत्र्यांच्या यकृतात जन्मजात दोषामुळे तांबे साठत जाते आणि सिरोसिस होतो, हे १९७५ मध्ये अमेरिकेत ध्यानात आले. याला कोणी विष दिले नव्हते. हौसेपोटी जवळच्या नात्यात वीण घेत राहिल्याचे हे फळ. २००२ साली नेदरलंड्समधील उट्रेख्ट येथे त्यामागचे जनुक सापडले, तेव्हा बालसिरोसिसचेही कोडे सुटणार अशी आशा वाटली. पुढल्याच वर्षी बाधित मुलांत ते जनुक तपासले गेले. ते निर्दोष निघाले. कुत्र्याचा रोग कुत्र्याचाच होता.

तिसरा साक्षीदार आम्हांला सर्वांत प्रिय आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी द्वीपसमूह आहे. त्यातले उत्तरेकडचे अगदी टोकाचे बेट म्हणजे नॉर्थ रोनाल्डसे. १८३२ मध्ये तेथील रहिवाशांनी शेतीची जमीन वाचविण्यासाठी बेटाभोवती दगडांचा बांध घातला आणि मेंढ्यांना बांधाबाहेर, किनाऱ्यावर हाकलले. तेथे गवत नाही. मेंढ्या ओहोटीची वाट पाहतात आणि उघड्या पडलेल्या खडकांवरचे समुद्रशैवाल खातात. शैवालात तांबे इतके कमी की जगावयाचे तर मिळेल तो कण शोषून घेतला पाहिजे. या जातीच्या आतड्यांना तीच सवय जडली. आता या मेंढीला बांधाच्या आत, साध्या हिरव्या कुरणावर चरावयास सोडा: ज्या गवतावर इतर मेंढ्या पोसतात, त्यातल्याच तांब्याने तिचे यकृत बिघडते.

आधी उंदरांना तांबे चारणाऱ्या त्याच हेवूडबाई आणि पुणेकरांचे सहकारी टॅनर या मेंढीपाशी एकत्र आले. २००१ मध्ये त्यांनी लिहिले की, हिच्या यकृतातले वण बालसिरोसिसच्या वणांशी जुळतात. २००५ मध्ये केंब्रिज जातीच्या मेंढ्यांशी तुलना केल्यावर दिसले की, तांब्याचा घाला रोनाल्डसेच्या मेंढीवर अधिक बसतो, आणि तिच्या तारापेशी जाग्या होतात. कुप्फरला सुवर्णक्षारात दिसलेल्या त्याच त्या चांदण्या. तान्हे मूलही काहीसे या मेंढीसारखेच असते. कमी तांब्याच्या दुधावर वाढण्यासाठी निसर्गाने त्याला सिद्ध केलेले असते. जास्तीचे तांबे पित्तावाटे टाकून देण्याची त्याची शक्ती अजून कोवळी असते. अशा वेळी त्याला कोणी तरी मोठ्या मायेने पितळी पातेल्यातले दूध पाजते.

या निदानाला परदेशातूनही दुजोरा मिळाला. ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतात १९०० ते १९७४ या काळात १३८ अर्भके अशाच विकाराने दगावल्याची नोंद १९९६ साली प्रसिद्ध झाली. तेथेही गाईचे दूध, तेथेही बिनकल्हईची तांब्याची भांडी; कारखान्यातली भांडी आल्यावर रोग मावळला. आपल्याकडेही स्टील आणि ॲल्युमिनियम यांच्या प्रसाराबरोबर आणि डॉक्टरांच्या सांगण्याने बालसिरोसिस इतका विरळ झाला की, आजच्या तरुण डॉक्टरांना तो पुस्तकातच भेटतो. सर्वच रोग्यांची हकीकत पातेल्याने उलगडते असे नव्हे. पितळेचा संबंध न सापडलेली मुलेही होती, आणि एकाच पातेल्यातले दूध प्यालेल्या दोन भावंडांपैकी एकच का जाई, याचे उत्तर मिळालेले नाही. मेंढीप्रमाणे त्या मुलांतही तांबे धरून ठेवण्याची काही उपजत प्रवृत्ती असावी, असा तर्क आहे. तिरोलमधल्या बाधित घराण्यांच्या वंशावळींवरूनही तसेच वाटते. पण ते जनुक हाती लागलेले नाही. त्या काळी ज्यांची भावंडे गेली आणि जे स्वतः वाचले, ते आज साठीच्या आसपास आहेत; रोग गेला, तशी ज्यांच्याकडे हा प्रश्न घेऊन जावे अशी घरेही कमी होत चालली आहेत.